जुन्याच्या बदल्यात नवं

थेल्मा स्टॅदर्सनं आयुष्यात स्वतःच्या मालकीची एक वीटही कधी घेतली नाही. हल या बंदराच्या शहरातल्या हेसल रोडच्या गल्ल्यांमध्ये आमच्याकडं तेव्हा सगळेच भाड्यानं राहायचे. पुरुष ट्रॉलरवरून आइसलँडच्या पलीकडं मासे धरायला जायचे, बायका घरं सांभाळायच्या, आणि शुक्रवारी भाडं न्यायला माणूस दारात उभा राहायचा. त्या गल्ल्या पाडल्या, तेव्हा थेल्मा आणि तिचा नवरा आल्फ आधी एका उंच इमारतीत गेले, मग शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि म्हातारपणी कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेनं, त्यांना एक बैठं घर दिलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढं चटईएवढी बाग. भिंती दर वेळी दुसऱ्याच्याच असायच्या. आत मांडायचं ते मात्र त्यांचं स्वतःचं.

ते तरी काय होतं? आल्फची उंच पाठीची, दोन्ही बाजूंना कान असलेली तपकिरी खुर्ची. त्याच्या आईकडून आलेलं लांबोडकं बुटकं कपाट. त्याच्यावर दर तासाला दोन मिनिटं उशिरा वाजणारं घड्याळ. घडीचं टेबल, आणि थेल्मानं हातानं शिवलेले हिरवे पडदे, जे प्रत्येक नव्या घराच्या खिडकीला एकतर लांब व्हायचे नाहीतर आखूड. घर कुठलंही असो, हे सगळं त्याच क्रमानं मांडलं जायचं. दारातून आत आलं की डाव्या हाताला कपाट, पुढं टेबल, शेगडीच्या उजवीकडं खुर्ची. यात बदल आल्फला खपत नसे. तरुणपणी एकदा थेल्मानं हौसेनं खुर्ची खिडकीपाशी नेली होती. तीन आठवड्यांनी आल्फ समुद्रावरून आला आणि पायातले बूटही न काढता त्यानं ती उचलून जागेवर ठेवली.

"अरे, तिथं उजेड येतो म्हणून ठेवली होती," थेल्मा म्हणाली.

"माझी खुर्ची इथं असते," आल्फ म्हणाला, आणि विषय संपला.

माणूस असाच होता. दारूडा नव्हता, हात उगारणारा नव्हता, पण तोंडातून शब्द निघायचा तो तोलूनमापून. "चहा बरा झालाय," असं म्हणाला तर थेल्मानं त्या दिवशी सण साजरा करावा. मैत्रिणींचे नवरे समुद्रावरून येताना अत्तरं आणायचे, नाचायला न्यायचे. आल्फ यायचा, कपाटावरून हात फिरवायचा, खुर्चीत बसायचा आणि "हं" म्हणायचा. त्या "हं"वर तिनं सगळा संसार केला.

बैठ्या घरात आल्यावर कौन्सिलची एक बाई दारोदार फिरत होती. तिनं समजावून सांगितलं, की घर कौन्सिलचं आहे, त्याच्या भिंती-छपराचं कौन्सिल बघेल, पण आतलं सामान जळलं, भिजलं, चोरीला गेलं, तर ते भाडेकरूचं नशीब. त्यासाठी वेगळा विमा घ्यायचा, भाड्याबरोबरच दर आठवड्याला थोडे पैसे भरायचे.

आल्फ खुर्चीतूनच हसला. "आमच्या घरात चोर शिरला ना बाई, तर दया येऊन स्वतःच काहीतरी ठेवून जाईल."

थेल्मानं मात्र सही केली. शेजारच्या डॉटचं तिनं पाहिलं होतं. डॉटच्या तळणीनं पेट घेतला आणि घर आतून कोळसा झालं. कौन्सिलनं भिंती रंगवून दिल्या, दारं बसवून दिली, आणि त्या लख्ख घरात डॉट महिनाभर बागेतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून जेवत होती. "वाटी-चमचाही नव्हता गं थेल्मे," ती सांगायची. "घर होतं, पण आत घर नव्हतं."

पुढं आल्फला विसर पडू लागला. आधी किटली, मग वार, मग माणसं. एकदा बस धरून जुन्या गोदीकडं गेला आणि जहाज कुठं लागलंय म्हणून विचारत फिरला. गोदी केव्हाच बुजवली होती, तिथं दुकानं झाली होती. एका दुकानदारणीनं त्याला चहा देऊन बसवून ठेवलं. पण घरात मात्र त्याचं पाऊल कधी चुकत नसे. दारातून आत आला, की डावा हात कपाटावर, मग टेबलाच्या कडेवर, मग खुर्चीच्या कानावर, आणि बसला. त्याला बघायला येणारी नर्स म्हणाली होती, "स्टॅदर्सबाई, काहीही हलवू नका. यांना घर डोक्यात आठवत नाही आता, हाताला आठवतं."

"ते मला पन्नास वर्षांपूर्वीच सांगितलंय त्यानं," थेल्मा म्हणाली.

दोन हजार सातच्या जूनमध्ये हलमध्ये पाणी भरलं. नदी आली नाही, समुद्रही आला नाही. पावसाचं पाणी गटारांत मावेना, म्हणून ते गटारातूनच उलटं वर आलं. सकाळी थेल्मा चहा ठेवायला उठली तर सतरंजी पायाखाली तरंगत होती. बघता बघता पाणी पिंढरीला लागलं, काळं, वास मारणारं. आल्फ पाण्यात पाय सोडून खुर्चीत बसला होता, हाताच्या दांड्या घट्ट धरून.

"आल्फ, ऊठ रे. चल, बाहेर चल."

"डेकवर पाणी आलंय," तो शांतपणे म्हणाला. "तू खाली जा. मी इथून हलणार नाही."

अग्निशामक दलाची माणसं रबरी होडी घेऊन आली, तेव्हा चौघांनी त्याची बोटं एकेक करून खुर्चीवरून सोडवली. तो ओरडला नाही. फक्त होडीतून मागं वळून दाराकडं बघत राहिला.

ते दोघं मुलीकडं, गेनरकडं गेले. पाणी उतरल्यावर नुकसान मोजायला विम्याचा सर्व्हेअर आला. कझवर्थ नावाचा, सर्दीनं नाक लाल झालेला, दिवसभर दुसऱ्यांचं भिजलेलं सामान बघून दमलेला गृहस्थ. वाईट नव्हता. त्यानं टोपी काढून हातात धरली.

"वाईटातलं चांगलं म्हणजे तुमचा विमा आहे, स्टॅदर्सबाई. या रांगेत निम्म्या लोकांनी घेतलेलाच नाही. आणि तुमचा विमा जुन्याच्या बदल्यात नवं देणारा आहे. खुर्ची पन्नास वर्षं जुनी असली तरी तुम्हाला कोरी करकरीत मिळणार. सगळंच नवं."

"हीच वाळवून मिळणार नाही का?" थेल्मानं विचारलं.

"सांडपाणी मुरलंय तिच्यात. तुमच्या यजमानांना न्यूमोनिया होईल. ही इथं ठेवूच देणार नाहीत."

"मग हिच्यासारखी जुनी?"

कझवर्थनं नाक पुसता पुसता वर पाहिलं. "जुनी? बाई, आजवर ती कुणी मागितली नाही माझ्याकडं."

बाहेर पांढऱ्या कपड्यांतली माणसं घराघरातून सामान काढून रस्त्यावरच्या मोठ्या लोखंडी हौदात टाकत होती. थेल्मा सर्व्हेअरशी बोलत होती, गेनर चहा आणायला गेली होती, आणि एवढ्या वेळात आल्फ गाडीतून उतरून गेला. शोधाशोध झाली. सापडला तो हौदात. फुगलेल्या गाद्या आणि तुटक्या फळ्या तुडवून तो वर चढला होता आणि त्या ढिगाऱ्यावर तिरक्या पडलेल्या आपल्या खुर्चीत बसला होता. पावसाची भुरभुर चालू होती. तो हाताच्या दांड्या धरून, रस्त्याकडं तोंड करून, अगदी समाधानानं बसला होता.

पांढऱ्या कपड्यांतले दोघे एकमेकांकडं बघत राहिले. त्यांतला एक म्हणाला, "मावशी, आम्ही आधी शेजारचं काढतो. तुम्ही सावकाश या."

थेल्मा चढू शकत नव्हती. ती खाली उभी राहिली. गेनरनं आणलेला चहा तिनं हात उंच करून त्याला दिला. त्यानं तो सगळा प्यायला, आणि तिच्या हातात पेला परत देताना म्हणाला, "बरा झालाय." मग गेनर वर चढली आणि त्याला हाताला धरून खाली घेऊन आली. खुर्ची तिथंच राहिली.

घर वाळायला, गिलावा खरवडायला, नवा चढवायला महिनेच्या महिने लागणार होते. तोवर राहायला दाराशी एक कॅरॅव्हॅन, चाकांवरची खोलीच, आणून उभी केली. सगळ्या रस्त्यावर प्रत्येक दारापुढं एकेक उभी होती. बायका वैतागल्या होत्या. आतल्या आत वळताही येत नव्हतं, अंथरुणं म्हणजे फळ्या, आणि रात्री वारा सुटला की सगळं डुलायचं. थेल्माला वाटलं, आता आल्फचं उरलंसुरलं भान जाणार. झालं उलटंच. आल्फ खुश होता. अरुंद फळी, डोक्याशी लहानशी खिडकी, वाऱ्यानं हेलकावे. तो जहाजावर होता. सकाळी उठून हवा बघायचा, थेल्माला "ए स्वयंपाक्या" म्हणून हाक मारायचा आणि बटाट्याची पॅटी आणि गरम तळलेले चिप्स मागून घ्यायचा.

"काय रे, जहाज बरं आहे ना?" ती विचारायची.

"जहाज बरंय. पण आता फार दिवस झाले. बंदराला लागलो की सरळ घरी जाणार बघ."

तीही मनातल्या मनात म्हणायची, हो रे, घरी जाऊ.

वसंतात घर तयार झालं. विमावाल्यांनी शब्द पाळला. सायीच्या रंगाचा सोफा, काचेचं टेबल, भिंतीवर पातळ टीव्ही, चकचकीत पांढरं कपाट. रस्त्यावरच्या बायका येऊन बघून गेल्या. "नशीब काढलंस," डॉट म्हणाली. थेल्मालाही, खोटं कशाला बोला, कपाटाचं दार आवाज न करता बंद होताना पाहून बरं वाटलं होतं. उभ्या जन्मात दुकानातून आलेली कोरी वस्तू तिच्या घरात आली नव्हती.

आल्फला तिनं हाताला धरून आत आणलं. तो पायपुसण्यावर थांबला. डावा हात पुढं केला, तिथं काहीच लागलं नाही, तेव्हा तो त्यानं मागं घेतला. मग डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

"छान आहे हो घर तुमचं, बाई," तो म्हणाला.

लग्नाच्या आधीपासून तो थेल्माला अगं-तुगं करत आला होता. रागावला तरी, लाडात आला तरी. 'तुम्ही' त्यानं तिला आजच म्हटलं.

तो सोफ्याच्या कडेवर बसला, पाहुणा बसतो तसा, गुडघे जुळवून. बिस्कीट दिलं तर "आभारी आहे" म्हणाला. संध्याकाळी उठला, टोपी घातली आणि म्हणाला, "येतो आता. चहा फार छान होता. घरी बायको वाट बघत असेल."

"आल्फ, अरे मीच..."

"नको, नको, तुम्ही उठू नका. मी जाईन माझा माझा."

हे रोजचंच झालं. रोज संध्याकाळी तो निघायचा आणि रोज ती दाराला पाठ लावून उभी राहायची. त्यात तो एकदाही चिडला नाही, हेच तिला सोसवत नव्हतं. इतक्या अदबीनं तो तिच्याशी कधी वागला नव्हता.

मग तिनं ठरवलं. कझवर्थला फोन करून ती म्हणाली, "तुमचं सामान परत न्या. मला माझं जुनं पाहिजे." तो बिचारा दिलेलं परत घेता येत नाही म्हणाला. पण अजून खुर्ची यायची राहिली होती, तिच्याऐवजी पैसे घ्या आणि तुम्हाला हवी ती शोधा, एवढी सोय त्यानं करून दिली. बाकी तिनं स्वतः केलं. सोफा गेनरच्या घरी लावून दिला, टीव्ही डॉटला, काचेचं टेबल आणि पांढरं कपाट विकलं. आल्फला डॉटपाशी बसवून ती धर्मादाय दुकानं धुंडाळू लागली, लिलावांना जाऊ लागली. कुठं एकटी म्हातारी वारली आणि घर रिकामं करतायत असं कळलं, की थेल्मा दारात हजर. हातात एक नाताळातला जुना फोटो: खुर्चीत आल्फ, मागं कपाट, बाजूला तांबूस केसांची, चाळिशीतली थेल्मा, हातात बशी.

गेनर चिडली. "आई, जन्मात पहिल्यांदा घरात नवं आलं, आणि तू ते वाटून मेलेल्या माणसांचा पसारा भरतेयस? बाबांना काय कळणार आहे?"

"त्याच्या हाताला कळेल."

"आणि तुला? तुला नको का काही?"

थेल्मा फोटोतल्या पडद्यांचा हिरवा रंग कुठं मिळेल या विचारात होती.

उन्हाळा संपेपर्यंत तिनं सगळं जमवलं. खुर्ची तर अगदी तशीच मिळाली, फक्त एक कान थोडा झिजलेला. कपाट जरा आखूड होतं, म्हणून तिनं ते हातभर दाराकडं ओढलं, म्हणजे दारातून आल्यावर हात तिथंच पडेल. घड्याळ तिनं मुद्दाम बिघडवून घेतलं. दुकानदार म्हणाला, "मावशी, चालू घड्याळ उशिरा वाजवून पाहिजे म्हणणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय."

एका दुपारी डॉटनं आल्फला आणून दारात सोडलं. तो आत आला. हात कपाटावर पडला. टेबलाच्या कडेवरून सरकला. खुर्चीच्या कानावर थांबला. थेल्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आल्फ खुर्चीत बसला, मागं टेकला, डोळे मिटले आणि म्हणाला, "हं."

तिच्या घशातून हुंदका फुटला. आल्फनं डोळे उघडले. तिला पाहिलं, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"तुम्ही कोण?" तो म्हणाला. "आमच्या घरात काय करताय?"

"मी थेल्मा, आल्फ."

"थेल्मा कामाला गेलीय. येईल एवढ्यात." तो उठू लागला. आवाज चढला, कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा. "तिनं येऊन तुम्हाला इथं पाहिलं तर काय म्हणेल ती? चला, निघा. म्हातारं माणूस आहात म्हणून नीट सांगतोय."

आणि थेल्मा मागच्या दारानं बाहेर पडली. सगळी खोली तिनं परत उभी केली होती, खिळ्यासकट, पडद्यासकट. त्या खोलीत थेल्मा चाळीस वर्षांची होती. ही पांढऱ्या केसांची, पाठीत वाकलेली बाई तिथं कुणाची कोणीच नव्हती. परसातल्या कपड्यांच्या दोरीखाली ती बराच वेळ उभी राहिली. मग तोंड धुतलं, घराला वळसा घालून पुढच्या दाराशी आली आणि स्वतःच्याच दारावर टकटक केली.

"कौन्सिलकडून आलेय," ती म्हणाली. "घरकामाला."

"असं का? या की मग," आल्फ म्हणाला.

काही आठवडे ती तशीच राहिली, कौन्सिलची बाई म्हणून. स्वयंपाक करायची, त्याला आंघोळ घालायची. तो दिवसभर सुखात असायचा आणि संध्याकाळ झाली की दाराकडं बघू लागायचा. थेल्माला उशीर का झाला म्हणून त्याचा जीव टांगणीला लागायचा. "हिला कधी उशीर होत नाही हो," तो तिलाच सांगायचा. रडायचाही. शेवटी एके दिवशी ती केशकर्तनालयात गेली आणि तिथल्या मुलीसमोर नाताळचा फोटो ठेवला.

"मला ही करून दे."

मुलीनं फोटो बघितला, आरशात बघितलं. "आजी, रंग होईल. कुरळेही करते. बाकीचं..."

"बाकीचं राहू दे."

तांबूस कुरळे केस, ओठांना लाली. रस्त्यानं येताना पोरं हसली. डॉट दारात उभी होती, ती मात्र हसली नाही. तिनं थेल्माची कॉलर सारखी केली आणि म्हणाली, "जा."

आल्फनं तिला पाहिलं आणि ताडकन उभा राहिला. हातातली सिगारेट पाठीमागं लपवली.

"सासूबाई! तुम्ही येणार म्हणून थेल्मा बोलली नाही ती."

थेल्मानं दाराची चौकट धरली. तिला हसू आलं. तिच्या आईला आल्फ जन्मभर घाबरून होता. मासे धरणाऱ्याला मुलगी द्यायची नाही म्हणून त्या बाईनं सहा महिने घर डोक्यावर घेतलं होतं. आणि म्हातारपणी ती बाई केस रंगवायची, अगदी असेच.

"बस रे," ती म्हणाली. "आणि ती सिगारेट विझव. खुर्चीला भोक पाडशील."

"हो, सासूबाई."

तो मुकाट्यानं बसला. तीही समोर बसली. कौन्सिलच्या बाईपेक्षा सासूबाई बरी, तिला वाटलं, निदान नात्यातली तरी आहे. मग आल्फच बोलू लागला, जमिनीकडं बघत.

"तुम्हाला मी आवडत नाही ते माहितेय मला. समुद्रावरचा माणूस, आज आहे उद्या नाही. पण एक सांगतो. थेल्माला सांगू नका."

"नाही सांगत."

"तिकडं वर, बर्फात, रात्र संपतच नाही हो. दोरांवर बर्फ चढतो, कुऱ्हाडीनं तोडावा लागतो, नाहीतर जहाज कलंडतं. हात सुन्न होतात. भीती वाटते, पण म्हणायची कुणाला? तर मी काय करतो, मनातल्या मनात घरी जातो. दार उघडतो. कपाटावर हात ठेवतो. मग टेबल. मग खुर्ची. घाई करत नाही. एकेक वस्तू नीट बघतो. सगळ्यात शेवटी स्वयंपाकघरात जातो. ती पाठमोरी उभी असते. तिला हाक मारत नाही मी. हाक मारली तर संपलंच की. तिला शेवटाला ठेवतो." तो थांबला. "म्हणून तर सामान हलवू देत नाही तिला. ती चिडते. तिला वाटतं, मी हेकट आहे."

"तू तिला हे सांगितलं का नाहीस, मूर्खा?" थेल्मा म्हणाली. आवाज आईसारखा काढायचं तिला भान राहिलं नाही.

"सांगणार कसं? हसेल ना ती."

हिवाळ्यात आल्फ न्हाणीघरात पडला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. मग त्याला घरी सांभाळणं थेल्माच्या आवाक्याबाहेरचं झालं. शुश्रूषागृहात त्याला न्यायचा दिवस ठरला. त्या सकाळी गेनरनं चादरी मशिनमध्ये घातल्या होत्या. थेल्मानं धावत जाऊन मशिनची पिन भिंतीतून उपसली. नवरा निघाला त्या दिवशी घरात कपडे धुवायचे नाहीत, धुतले तर तो वाहून जातो, ही आमच्या हेसल रोडची समजूत. गेनरला ती ठाऊकही नव्हती. ओल्या चादरी संध्याकाळपर्यंत तशाच पडून राहिल्या.

तिथल्या खोलीत एकच मोठी वस्तू नेऊ देत होते. थेल्मानं खुर्ची नेली. पण आल्फला आता खुर्चीत फार वेळ बसवत नसे, आणि बसवलं तरी त्याचे हात मांडीवरच पडून राहायचे. ती रोज जायची. केसांतला रंग उतरू लागला होता, मुळं पांढरी दिसत होती. तो तिला कधी सासूबाई म्हणायचा, कधी नर्स, कधी काहीच नाही. तिनं दुरुस्त करणं सोडून दिलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी गेनर आली होती, म्हणून थेल्मा जरा पाय मोकळे करायला आणि काही खायला आणायला कोपऱ्यावर गेली. परत आली तेव्हा गेनर कॉरिडॉरमध्ये उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून थेल्माला कळलं.

हातातला तळलेल्या चिप्सचा पुडा गरम होता. तो कुठं ठेवावा तिला सुचेना.

अंत्यसंस्कार झाले. घर परत थेल्माचं एकटीचं झालं. दोघी मायलेकी एकदा टेबलाशी बसल्या असताना गेनर म्हणाली, "आई, मी तुला एक सांगितलं नाही. शेवटी त्यांनी मला ओळखलं. गेनर म्हणाले. म्हणाले, तुझी आई कुठाय?"

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, येतेय बाबा, एवढ्यात येतेय."

थेल्मानं विचारलं, "कोणती गं?"

"कोणती म्हणजे?"

"कोणती थेल्मा विचारली त्यानं? ती फोटोतली, की मी?"

"आई, असं काय करतेस? तू एकच आहेस ना."

"तुझ्यासाठी," थेल्मा म्हणाली.

त्यानंतरही तिनं गेनरला हा प्रश्न विचारला, एकदा फोनवर, एकदा बसमध्ये. त्या वेळी त्याची नजर कुठं होती, आवाज कसा होता, चिडका होता की अदबीचा. गेनर दर वेळी सांगते, अगदी हळू होता आई, नीट ऐकूही येत नव्हता. डॉटनं तिला सुचवलं, की आता तरी हे दुसऱ्यांचं सामान काढ आणि एखादी बरी, मऊ खुर्ची घे. थेल्मानं अजून काही ठरवलेलं नाही. भाड्याबरोबर विम्याचे पैसे ती भरतेच. कौन्सिलच्या बाईनं विचारलं, घरात काय काय आहे, काही बदललंय का, तर ती म्हणाली, "एक माणूस कमी झालाय. बाकी लिहा तुम्हाला हवं ते."